गाडगेबाबांचा राग





फेब्रुवारी महिना उजाडला की आपल्या शाळेत खराटे, बादल्या आणि फिनेलच्या बाटल्यांची जमवाजमव सुरू होते. २३ तारखेला संत गाडगेबाबांची जयंती. सकाळी प्रतिमेला हार, एक भाषण, मग मैदानाची सफाई आणि शेवटी चहा-बिस्किटे असा आपला क्रम ठरलेला आहे. भाषण बहुतेक वेळा मीच करतो आणि खरे सांगायचे तर त्यात दरवर्षी तेच ते असते. स्वच्छतेचे महत्त्व, अंधश्रद्धेला विरोध, शिक्षणाचा आग्रह. मुले टाळ्या वाजवतात. यंदा मात्र बाबांचे चरित्र मी पुन्हा काढून वाचले ते भाषणासाठी नव्हे. कारण वेगळे होते आणि ते सांगताना मला थोडा संकोच वाटतो आहे.

स्नेहसंमेलनाच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. प्रार्थनेची घंटा झाली होती, सर्व वर्ग रांगेत उभे होते आणि सातवीतला एक मुलगा स्टेजच्या मागे वाकून काही तरी करीत होता. आदल्या दिवशी रात्री अकरापर्यंत जागरण, हिशेबाची ओढाताण, त्यात पाहुण्यांची गाडी उशिरा आलेली. माझे डोके तापलेलेच होते. माईक माझ्या हातात होता. त्या माईकवरूनच मी त्याला ओरडलो. जे बोललो ते येथे लिहिण्यासारखे नाही. मुलगा पालक-प्रेक्षकांनी टाकलेल्या पाण्याच्या बाटल्या गोळा करीत होता. पोत्यात भरून भंगारवाल्याला देणार होता, हेही खरे. पण त्या बाटल्या उचलायला सांगूनही आदल्या रात्री आमच्यापैकी कोणी हात लावला नव्हता, हे त्याहून खरे. पुढचे तीन दिवस तो शाळेत आला नाही.

त्या तीन दिवसांत मी गाडगेबाबा वाचले. बाबांना राग येत होता का, आला तर ते त्याचे काय करीत, एवढेच मला पाहायचे होते.

थोडे माझ्याविषयी. माझे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. घरी मराठी, पुस्तके हिंदी. त्यामुळे गाडगेबाबा मला प्रथम भेटले ते हिंदीतून, ‘संत गाडगे’ या नावाने. उत्तरेतही त्यांना मानणारे खूप आहेत. लखनौच्या संगीत नाटक अकादमीच्या प्रेक्षागृहाला त्यांचेच नाव आहे. प्रबोधनकार ठाकरे आणि गो. नी. दांडेकर यांनी त्यांच्यावर लिहिलेले मी फार उशिरा, नोकरीला लागल्यावर वाचले. म्हणून माझ्या मराठीत कोठे हिंदीची सावली पडली तर आमच्या मराठीच्या बाईंनी क्षमा करावी.

तर चरित्राकडे वळू. डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. वडील झिंगराजी दारूच्या नादी लागले. दारू कशाच्या निमित्ताने? देवाच्या. कोंबडे, बकरे आणि दारू यांच्याशिवाय देव पावत नाही अशी समजूत होती. घर धुऊन निघाले आणि झिंगराजी अकाली गेले. आई सखूबाई लहानग्या डेबूला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे गावी भावाकडे आल्या. मामा चंद्रभान यांची शेती होती. डेबू गुरे राखू लागला, पूर्णा नदीत पोहू लागला, मोठा झाला तशी औत हाकू लागला. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. पुढे आयुष्यभर तो लोकांना मुले शाळेत घाला म्हणून विनवत राहिला तो या उणिवेपोटीच असावा.

मामांची शेती सावकाराच्या कर्जात अडकली. कर्ज फिटले की नाही याचा हिशेब अडाणी माणसाला कळत नव्हता आणि सावकार कळू देत नव्हता. मामा त्या धक्क्याने गेले. आमच्या निपाणीकडच्या तंबाखू शेतकऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. पिकवतो कोण आणि भाव ठरवतो कोण, हा प्रश्न त्या भागाने १९८१ साली राष्ट्रीय महामार्गावर बसून विचारला होता.

सावकाराची माणसे जमिनीचा ताबा घ्यायला आली तेव्हा डेबू शेतात होता. त्याने त्यांना काठी घेऊन पिटाळून लावले. गावात सावकारासमोर मान वर करण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती, तेथे हा परटाचा पोर उभा राहिला. शेवटी सावकाराला नमते घ्यावे लागले असे चरित्रकार सांगतात. बाबांच्या रागाची ही पहिली ठळक नोंद होय. हा राग अगदी तुमच्याआमच्या ओळखीचा आहे. आपल्यावर, आपल्या घरावर अन्याय झाला आणि रक्त तापले. यात अध्यात्म काही नाही, आणि मला यात काही वावगेही वाटत नाही.

१८९२ साली कुंताबाईंशी त्यांचे लग्न झाले. पहिली मुलगी आलोका हिच्या बारशाला जातीच्या रीतीप्रमाणे दारू-मटणाची पंगत घालायची होती. डेबूजींनी गोडाचे जेवण केले. भाऊबंद रुसले, बोलले. आता येथे एक फरक लक्षात घ्यावा. ज्या चालीने बाप गेला, घर गेले, त्या चालीचा राग मनात किती साठला असेल. पण तो राग त्यांनी पाहुण्यांवर काढला नाही. भांडण केले नाही, कोणाला हाकलले नाही. पानात गोड वाढले आणि ज्यांना जेवायचे होते त्यांना आग्रहाने जेवू घातले.

१ फेब्रुवारी १९०५ च्या पहाटे ते घर सोडून निघाले. वय २८. (आपल्या कर्नाटकात १ फेब्रुवारी हीच मडिवाळ माचिदेव यांची जयंती म्हणून साजरी होते. बाराव्या शतकातले, बसवण्णांच्या काळातले हे शरण. तेही परीटच, आणि त्यांचा तापट स्वभावही प्रसिद्ध. आमच्या कन्नडच्या सरांनी हा योगायोग माझ्या लक्षात आणून दिला. मुलांनी त्यांच्याकडून माचिदेवांची माहिती जरूर घ्यावी.)

घर सोडण्याचा हा प्रसंग वाचताना मी दरवेळी अडखळतो. मागे आई होती, कुंताबाई होत्या, लेकरे होती. पुढे ऋणमोचनच्या यात्रेत आईची गाठ पडली, तरी ते संसारात परतले नाहीत. आपण संतांची चरित्रे सांगताना हा भाग पटकन उरकून टाकतो. मी बायका-मुलांत राहणारा माणूस आहे, मला तो उरकता येत नाही. कुंताबाईंनी काय सोसले ते कोणत्याही कीर्तनात आले नाही. बाबांनी पुढे लाखो रुपयांच्या धर्मशाळा उभ्या केल्या, पण आपल्या नात्यातल्या माणसांना त्या कारभारात जागा दिली नाही. घरची माणसे झोपडीतच राहिली. याला मोठेपणा म्हणावे की कठोरपणा, हे मी वाचकांवर सोपवतो. मला दोन्ही वाटते.

बारा वर्षे ते फिरले. अंगावर चिंध्यांची गोधडी, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, डोक्यावर उपडे घातलेले मातीचे गाडगे. त्यातच पाणी, त्यातच भाकरी. त्या गाडग्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. गावात शिरले की कोणाला काही न सांगता झाडायला सुरुवात. कोणाचे लाकूड फोडून दे, कोणाच्या शेतात राबून दे, अडलेल्याला हात दे. मग भाकरी मागून घ्यायची. काम न करता खाल्लेले अन्न त्यांना चालत नसे. रात्री कीर्तन. सकाळी पुढचे गाव.

येथे मला एक गोष्ट सुचली, ती शिक्षक आणि पालक दोघांनाही पटेल असे वाटते. दुसऱ्यासाठी झटणाऱ्या माणसाला राग फार येतो. जो कोणासाठी काही करीत नाही, त्याला रागावण्याचे कारणच कमी. पण ज्याने रात्रभर जागून एखाद्याला औषधपाणी केले आणि तोच माणूस बरा होऊन पुन्हा गुत्त्यावर गेला, त्याचा संताप विचारावा. मी एवढे केले आणि याने काय केले, हा तो राग. मुलांवर आपण ओरडतो ते पुष्कळदा याच हिशेबाने. माईकवरून ओरडताना माझ्या मनात आदल्या रात्रीच्या माझ्याच कष्टांचा हिशेब होता. तो मुलगा त्या हिशेबात नुसता सापडला.

आता बाबांचा हिशेब पाहा. त्यांनी झाडलेला रस्ता दुसऱ्या दिवशी पुन्हा घाण होत होता. कीर्तनात मान डोलावणारा माणूस पुढच्या जत्रेत पुन्हा बकरे कापत होता. हे पन्नास वर्षे चालले. आपल्याकडे सौंदत्तीला, चिंचलीला जत्रेच्या दिवसांत गेलेल्यांना कल्पना येईल, की लाखोंच्या गर्दीपुढे एक माणूस खराटा घेऊन उभा राहणे म्हणजे काय असेल. या माणसाला संताप किती यायला हवा होता! आणि तो येतही होता. बाबा शांत, मृदू, हसतमुख संत होते असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये. त्यांच्या हातातली काठी शोभेची नव्हती. कोणी पाया पडायला वाकला की ते संतापत, शिव्या देत आणि पाठीत काठी हाणत. मोठा माणूस असो की लहान.

एवढ्याच गोष्टीवर इतका राग का, हे मला बरेच दिवस कळत नव्हते. आता असे वाटते, की पाया पडणारा माणूस तेवढ्यावर सुटू पाहतो. डोके टेकवले, काम झाले. खराटा मात्र बाबांच्याच हातात राहतो. आपण कोणाचे गुरू नाही आणि आपला कोणी शिष्य नाही, असे ते स्पष्ट सांगत. मदत करणाऱ्याला मान मिळू लागला की त्या मानाची सवय लागते, आणि मग मान कमी पडला की राग येतो. बाबांनी मानच घेतला नाही. सकाळी गाव सोडायचे, म्हणजे कोणी आभार मानले की नाही हे बघायला थांबायचेच नाही. एका मुक्कामी फार दिवस न राहण्यात केवळ वैराग्य होते असे मला वाटत नाही. त्यात रागाला जागा न देण्याची युक्तीही असावी.

कीर्तनात तर ते रागाला हसण्याच्या वाटेने नेत. त्यांचे कीर्तन म्हणजे प्रश्नोत्तरे. समोरच्या अडाणी माणसाला साधे साधे प्रश्न विचारायचे, त्याच्याच तोंडून उत्तर काढायचे. देवाला बकरे कापतोस, मग वाघ का कापत नाहीस, अशा अर्थाचे. लोक हसत. हसता हसता आपलीच चूक आपल्याला दिसत असे. अपमान कोणाचाच होत नसे, कारण उत्तर देणारा तोच आणि हसणारा तोच. वऱ्हाडी बोली, हातात दोन दगड किंवा टाळ, आणि देवकीनंदनाच्या नावाचा गजर. जेवायला ताट नसले तरी चालेल, हातावर भाकरी घेऊन खा, पण मुलाला शाळेत घाला, हे त्यांचे सांगणे आजही आमच्या पालकसभेत कामाला येते.

काम मात्र हसण्यावारी नेले नाही. ऋणमोचनला पूर्णा नदीचा काठ चिखलाचा, यात्रेकरू घसरून पडत. १९०८ च्या सुमारास तेथे घाट बांधण्याचे काम त्यांनी लोकांना जोडीला घेऊन केले. पंढरपूरला चंद्रभागेच्या वाळवंटात ते झाडीत, पण विठ्ठलाच्या देवळात दर्शनाला गेले नाहीत. ज्यांना त्या काळी देवळाच्या आसपासही उभे करीत नसत अशा वारकऱ्यांसाठी त्यांनी तेथे चोखामेळा धर्मशाळा उभी केली. आपल्या बेळगाव भागातून वारीला जाणाऱ्या दिंड्या आहेत. उन्हापावसात डोक्यावर छप्पर मिळणे म्हणजे काय, हे त्या वारकऱ्यांना विचारावे. देवळात प्रवेश नाही याचा राग त्या लोकांच्या वतीने बाबांना नसेल असे कसे म्हणावे? तो राग विटा आणि चुन्यात गेला. १९४९ साली त्यांनी ही धर्मशाळा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. स्वतः उभारलेली वास्तू देऊन टाकली आणि पुढे निघाले. नाशिक, आळंदी, देहू येथेही धर्मशाळा झाल्या. मुंबईत परगावच्या रोग्यांचे नातेवाईक फुटपाथवर झोपतात हे पाहून त्यांच्यासाठी सोय केली. आजही दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत कर्करोगाच्या रुग्णांची सोय होते. आपल्या गावाकडून टाटा हॉस्पिटलला जाऊन आलेल्या काही कुटुंबांना ती जागा माहीत असेल.

कोल्हापूर-साताऱ्याकडच्या वाचकांना जवळची वाटेल अशी एक आठवण सांगतो. कर्मवीर भाऊराव पाटील आणि गाडगेबाबा यांचा मोठा स्नेह होता. स्वातंत्र्यानंतर थोड्याच काळात मुंबई सरकारने रयत शिक्षण संस्थेचे अनुदान बंद केले. कर्मवीर स्पष्टवक्ते, झुकणारे नव्हते. हजारो गरीब मुलांच्या शाळा-वसतिगृहे अडचणीत आली. तेव्हा बाबांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. दोन्ही बाजूंना राग होता, आणि मध्ये एक निरक्षर माणूस मुलांसाठी उभा होता. कर्मवीरांनी १९५४ साली कराडला महाविद्यालय काढले त्याला सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले. निपाणीहून पुण्याला जाताना कराड लागते, तेव्हा मुलांना हे जरूर सांगावे.

१९२३ सालचा प्रसंग सर्वांना माहीत आहे, तरी तो टाळता येत नाही. बाबांचे कीर्तन आपल्यापासून फार दूर नाही अशा खारेपाटणला, घाटाखाली, चालू होते. त्यांचा मुलगा गोविंदा वारल्याची बातमी तेथे पोहोचली. त्यांनी कीर्तन थांबवले नाही. भाषणात मी हा प्रसंग नेहमी निर्धाराचे उदाहरण म्हणून सांगत आलो. यंदा वाचताना मात्र वेगळेच वाटले. बापाला त्या क्षणी कोणाचा राग आला असेल? देवाचा? स्वतःचा? कुंताबाई त्या रात्री एकट्या होत्या. यावर मी जास्त काही लिहू शकत नाही. पण गाणाऱ्या, हसवणाऱ्या त्या माणसाच्या आत काहीच हलले नाही असे जे सांगितले जाते ते मला खरे वाटत नाही.

१९५२ साली त्यांनी आपल्या सर्व संस्थांसाठी गाडगे महाराज मिशन स्थापन केले. तोवर शरीर थकले होते. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे पोलीस ठाण्यात त्यांचे कीर्तन झाले. ते ध्वनिमुद्रित झाले म्हणून आपल्याला आज बाबांचा आवाज ऐकायला मिळतो. त्या तीन दिवसांपैकी एका संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी ऑफिसचे दार लावून ते कीर्तन ऐकले. ऐंशी वर्षांचा, आजारी माणूस. आवाज चढतो, धारदार होतो, आता हा कोणावर तरी कोसळणार असे वाटते, आणि त्याच क्षणी एक प्रश्न येतो आणि समोरचे लोक हसतात. मी तो भाग दोन वेळा मागे नेऊन ऐकला.

६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. बाबांना त्याचा फार मोठा धक्का बसला. चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडीतच त्यांचे देहावसान झाले. ना आश्रम, ना घर. रस्त्यातच गेले. समाधी अमरावतीला गाडगेनगरात आहे. पुढे त्यांच्या नावे टपाल तिकीट निघाले, महाराष्ट्रात ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, अमरावती विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. हे सर्व सामान्यज्ञानाच्या पुस्तकात आहे, मुलांनी तेथून पाठ करावे.

आता त्या मुलाचे सांगून थांबतो. चौथ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. आई विड्या वळत बसली होती. मला बसायला तिने पाट दिला. मुलगा आतल्या खोलीतून बाहेर यायला तयार नव्हता. मी त्याच्या आईची क्षमा मागितली. तिने उलट मुलालाच बोल लावले, तेव्हा मला जास्तच लाज वाटली. पाचव्या दिवशी तो शाळेत आला. त्या दिवसापासून वर्गात बसतो, विचारले तर उत्तर देतो, पण माझ्याकडे बघत नाही.

मी त्याला चारशे मुलांसमोर बोललो होतो. क्षमा मात्र त्याच्या घराच्या पडवीत, कोणी ऐकत नसताना मागून आलो. हे बरोबर झाले नाही. म्हणून २३ तारखेला प्रार्थनेच्या वेळी मी त्याच माईकवरून बोलणार आहे, आणि यंदा दुसरे भाषण होणार नाही. त्या मुलाला मी हे आधी विचारले आहे. त्याने खांदे उडवले. त्याचा अर्थ मला नीटसा कळलेला नाही.

सफाईचे वाटप नेहमीप्रमाणे सूचना फलकावर लावले आहे. सातवी आणि आठवी मैदानाकडे, नववी-दहावी वर्ग आणि व्हरांडे, शिक्षक मंडळी पाण्याच्या टाकीजवळ. स्टेजच्या मागची बाजू व मुलांची मुतारी माझ्याकडे ठेवली आहे. येणाऱ्या पालकांनी सकाळी साडेसात वाजता यावे व शक्य असल्यास आपला खराटा आणावा. बाटल्यांसाठी वेगळे पोते ठेवलेले असेल.

आपला,
मुख्याध्यापक